झालेल्या बाजूचा बिल्ला

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फळा सांभाळायचा, हे काय काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटायचं. पत्र्याचे तुकडे या खिळ्यावरून काढायचे, त्या खिळ्यावर टांगायचे, वहीत चार ओळी खरडायच्या आणि पगार घ्यायचा. ज्यांना असं वाटायचं त्यांनी एक दिवस त्या फळ्यापुढे उभं राहून बघायला हवं होतं. एकीकडून ड्रायव्हर गाडी मागतोय, दुसरीकडून मेकॅनिक म्हणतोय झालं म्हणून सांगितलं ना, मधेच साहेबांचा फोन की रस्त्यावर गाड्या कमी का, आणि या सगळ्यांच्या मधे एक ठेंगणीशी बाई कंबरेवर हात ठेवून विचारतेय, "बघितलं कुणी?"

या बाईंना सगळे बिल्लेबाई म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. पुढे पुढे तर कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर बाईच मागे वळून बघायच्या नाहीत.

फळा लाकडी होता, हिरव्या रंगाचा, वर्कशॉपच्या दारातच भिंतीला ठोकलेला. त्याचे उभे तीन भाग होते. पहिल्यावर 'आलेलं', दुसऱ्यावर 'हातात' आणि तिसऱ्यावर 'झालेलं' असं पांढऱ्या अक्षरांत रंगवलेलं. गाडी तक्रार घेऊन आली की तिच्या नंबराची पत्र्याची पाटी पहिल्या भागात लागायची. ज्याच्याकडे काम जाईल त्याचा गोल बिल्ला त्या पाटीवर चढायचा आणि दोन्ही मिळून मधल्या भागात सरकायचे. प्रत्येक मेकॅनिकच्या बिल्ल्याचा रंग वेगळा. काम झालं की पाटी आणि बिल्ला तिसऱ्या भागात, बाईंच्या वहीत त्याची नोंद, आणि मगच फाटकावरचा माणूस गाडी बाहेर सोडायचा. तो गाडीकडे बघायचाच नाही, फक्त फळ्याकडे बघायचा.

नियम एकच होता, पण कडक. आपल्या कामाला आपणच झालं म्हणायचं नाही. करणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि दोघांनी सांगितल्यावर बाई स्वतः खड्ड्यात उतरून बघणार, तेव्हा बिल्ला तिसऱ्या भागात. खड्डा म्हणजे गाडी वर उभी करून खालून हात घालता यावा म्हणून जमिनीत बांधलेला लांबट हौदच, तेलकट पायऱ्यांचा. बाई काही मेकॅनिक नव्हत्या. पण इतकी वर्षं वर बघून बघून त्यांना कळायला लागलं होतं. नट घट्ट आवळला की मेकॅनिक नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ ओढतात. रेघ सरळ असेल तर नट हललेला नाही. ती रेघ आहे का, पिना जागच्या जागी आहेत का, एवढं बाई बॅटरीच्या उजेडात बघायच्या आणि केसात जळमटं घेऊन वर यायच्या. कुणी कुरकुर केली तर त्या म्हणायच्या की गाडीत तुझी आई बसलेली असती तर. पुढे कोण बोलणार?

हा नियम मुळात बाईंचा नव्हताच. तो मिस्त्रींचा. मिस्त्री म्हणजे ब्रेकचं काम करणारे डेपोतले सगळ्यात जुने कारागीर आणि बाईंचा नवरा. बाई नोकरीला लागल्या तेव्हा ते तरुण होते, आणि फळ्यावर बिल्ले लावताना गोंधळलेल्या या नव्या बाईला त्यांनीच सांगितलं होतं की कुणाच्याही शब्दावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या दिवशी मिस्त्री पाटी घेऊन आले तर बाई त्यांनाच म्हणाल्या, बघितलं कुणी? मिस्त्री म्हणाले, मग चला बघायला. दोघं खड्ड्यात उतरले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनाच माहीत, पण त्यानंतर मिस्त्रींच्या कामाची तपासणी जरा जास्तच वेळ चालायला लागली. डेपोत चेष्टेला ऊत आला. शेवटी दोघांनी लग्न करून सगळ्यांची तोंडं बंद केली. मिस्त्रींचा बिल्ला पिवळा होता, नटावरची रेघही ते पिवळीच ओढायचे, आणि घराच्या दाराला पिवळा रंग द्यायचं खूळही त्यांचंच.

संसार चारचौघांसारखा झाला. एक मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. संध्याकाळी हातपाय धुऊन मिस्त्री खिडकीपाशी बसायचे आणि विचारायचे, "मग, आज काय काय झालं?" बाई फळा डोळ्यांपुढे आणून सांगायच्या, अमुक गाडीचा ब्रेक, तमुक गाडीचा पाइप. मिस्त्री मान डोलवायचे. आपणच केलेली कामं बायकोच्या तोंडून ऐकायची त्यांना भारी हौस होती. नवरा-बायकोत याहून गोड बोलणं होत असेलही, पण या दोघांना त्याची गरज पडली नाही.

मग मिस्त्री विसरायला लागले.

सुरुवातीला चष्मा, किल्ली असलंच. या वयात कोण विसरत नाही? पण एकदा ते पाटी घेऊन आले, काम झालं म्हणाले, आणि बाई खड्ड्यात उतरल्या तर तिथे कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. नटावर जुना चिखल तसाच होता. मिस्त्री वर उभे राहून वाट बघत होते, शांतपणे, काम केलेल्या माणसासारखे. वर येऊन बाई एवढंच म्हणाल्या की पाना लागतोय का जरा बघा, आणि मिस्त्री खाली उतरून ते काम नव्याने करून आले. पुढच्या महिन्यात गाडीच्या चाकामागे पक्कड राहिली. मग एकाच गाडीचं एकच काम त्यांनी सकाळी केलं आणि दुपारी पुन्हा करायला घेतलं. बाई त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर चांगला होता, त्याने आवाज खाली आणून सांगितलं की हे वाढत जाणार, यांना आता हलकं काम द्या. हलकं काम! डेपोत हलकं असं काही असतं हे त्या डॉक्टरलाच ठाऊक.

निवृत्ती जवळ आली होती. बाईंना एकच गोष्ट हवी होती. मिस्त्रींनी डेपोतून बाहेर पडावं ते मिस्त्री म्हणून, ज्याच्या पिवळ्या रेघेवर कुणी बोट ठेवलं नाही असा माणूस म्हणून. लोकांनी 'बिचारे' म्हणून त्यांना घरी पाठवावं हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. मिस्त्रींना कदाचित वाटलंही नसतं, पण बाईंना वाटत होतं, आणि घरात काय करायचं हे बहुतेक वेळा बाईच ठरवायच्या.

त्यांनी लांब्याला विश्वासात घेतलं. लांब्या म्हणजे मिस्त्रींचा जोडीदार. उंच, वाकून चालणारा, दोन लहान मुलींचा बाप. ब्रेकचं काम त्याला मिस्त्रींनीच शिकवलं होतं, शिव्या घालून आणि स्वतःच्या डब्यातलं खायला घालून. बाई काय म्हणतायत हे त्याला पुरतं सांगावंच लागलं नाही, त्याच्याही ते लक्षात आलेलं होतं. ठरलं असं की मिस्त्री काम संपवून घरी गेले की लांब्याने मागे थांबायचं, त्यांचं काम उघडून बघायचं, चुकलं असेल तर नीट करायचं, आणि मग बाईंनी नेहमीसारखं खड्ड्यात उतरून बघून पिवळा बिल्ला तिसऱ्या भागात लावायचा. वहीत नोंद जायची, करणारा मिस्त्री, तपासणारा लांब्या. अर्धी खरी आणि अर्धी खोटी. इतक्या वर्षांत बाईंच्या हातून त्या वहीत पहिल्यांदाच काही वाकडं लिहिलं गेलं, आणि लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा जास्तच वळणदार यायचं.

असे बरेच महिने गेले. तिघांपैकी दोघं ताकास तूर लागू देत नव्हते आणि तिसऱ्याला पत्ताच नव्हता. मिस्त्री रोज सकाळी फळ्यापुढे थांबायचे, झालेल्या बाजूला आपले पिवळे बिल्ले बघायचे आणि खूश व्हायचे. संध्याकाळी खिडकीत बसून विचारायचे, आज काय काय झालं. बाई सांगायच्या. सांगताना त्यांना वाटायचं की आपण या माणसाला त्याचाच दिवस परत देतोय. तेवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

एका संध्याकाळी मिस्त्रींनी डोंगराच्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीचा ब्रेक उघडून बसवला आणि हात धुऊन ते घरी गेले. लांब्या खड्ड्यात उतरला. बराच वेळ खालून ठोकाठोक ऐकू येत राहिली. मग तो पायऱ्या चढून वर आला तो हसतच. बाईंनी त्याला असं हसताना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

"वहिनी, आज मिस्त्रींनी असं काम केलंय ना," तो म्हणाला, "अगदी पूर्वीसारखं. पिना बरोबर, रेघ सरळ. मी उगाच उघडलं. सगळं होतं तसं परत बसवलंय."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं की एका ब्रेकसाठी कुणी रडतं का. त्यांनी पिवळा बिल्ला हातात घेतला, रुमालाने पुसला आणि झालेल्या बाजूला लावला. वहीत नोंद केली. आज त्या नोंदीत एकही अक्षर खोटं नव्हतं. त्या आनंदात त्या पर्स उचलून घरी निघाल्या. वाटेत त्यांनी मिस्त्रींसाठी फळं घेतली. घरी गेल्यावर त्यांनी त्या गाडीचा ब्रेक इतका रंगवून सांगितला की मिस्त्रीच म्हणाले, अगं, ब्रेकच आहे तो.

खड्ड्यात त्या उतरल्याच नाहीत. हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मिस्त्रींनी केलेलं, लांब्याने बघितलेलं, त्यात आणखी काय बघायचं? पण लांब्याने ते फक्त बघितलं नव्हतं. त्याने ते उघडून पुन्हा बसवलं होतं, म्हणजे आता करणारा तोच होता, आणि त्याचं काम कुणीच बघितलं नव्हतं. दुसऱ्यांदा केलेलं काम एकदाही तपासलं गेलं नाही. इतर कुठल्याही डेपोत अशी चूक झाली नसती, कारण इतर कुठल्याही डेपोत एवढी माया कुणी कुणावर केली नसती.

सकाळी ती गाडी उतारावर होती तेव्हा ब्रेक लागला नाही. ड्रायव्हर अनुभवी होता. त्याने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, कडेच्या दगडी भिंतीला घासत नेली आणि थांबवली. प्रवाशांना खरचटलं, कुणाचा दात पडला, एका म्हातारीचा हात मोडला. ड्रायव्हरचा पाय मात्र पुढच्या पत्र्यात अडकला. तो वाचला, पण पुन्हा गाडीवर बसण्यासारखा राहिला नाही.

गाडी ओढून डेपोत आणली. ब्रेकच्या दांड्याला धरून ठेवणारी जाड पिन गळून पडली होती, कारण ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाला जी बारीक काटपिन घालून वाकवतात, तीच नव्हती. काटपिन म्हणजे दिसायला केसात खोवायच्या पिनेएवढी. एकदा वाकवलेली काटपिन पुन्हा घालत नाहीत, म्हणून लांब्याने मिस्त्रींची काढून बाजूला ठेवली होती, नवी खिशात होती, आणि परत बसवताना ती खिशातच राहिली. ब्रेक बसवला त्याच रात्री खिसे रिकामे करताना त्याला ती सापडली होती आणि त्याने ती सरळ डबीत टाकली, कुठल्यातरी कामातली उरली असेल म्हणून.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. साहेब टेबलामागे, बाई वही घेऊन एका बाजूला, लांब्या भिंतीला टेकून, आणि मधल्या खुर्चीवर मिस्त्री, धुतलेला शर्ट घालून. साहेबांनी फळ्यावरचा पिवळा बिल्ला टेबलावर ठेवला आणि विचारलं की हा तुमचाच ना. मिस्त्रींनी बिल्ला उचलून बघितला. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं, पालथे केले, उताणे केले, त्यांनाच काही विचारत असल्यासारखे.

"बिल्ला माझा आहे," ते म्हणाले. "म्हणजे काम माझं. मला काही आठवत नाही, साहेब. पण राहिली असेल माझ्याकडून."

साहेब माणूस वाईट नव्हता. मिस्त्रींच्या तब्येतीचं त्याच्याही कानावर होतं. तो म्हणाला की एवढ्या वर्षांची नोकरी आहे, आपण हे वाढवू नये, तपासलं कुणी तेही उकरत बसू नये, मिस्त्रींनी प्रकृतीच्या कारणाने आत्ताच निवृत्ती घ्यावी आणि प्रकरण इथेच मिटवावं. मिस्त्रींनी मान डोलावली. बाईंनी तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं.

बाहेर टायरच्या ढिगामागे लांब्या त्यांची वाट बघत उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला की मी आत जाऊन सांगतो, मिस्त्रींचं काम चोख होतं, मी बिघडवलं. बाईंनी त्याचा दंड धरला. एका क्षणात त्यांच्या डोक्यातून सगळं जाऊन आलं. याची नोकरी जाईल, याच्या मुली. आपली जाईल. आणि हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, की कित्येक महिने मिस्त्रींच्या पाठीमागे त्यांचं काम उघडलं जात होतं. ते मिस्त्रींना चारचौघांत ऐकावं लागेल. त्यापेक्षा आत्ता झालं ते झालं.

"गप्प बस," बाई म्हणाल्या. "ते विसरतील."

असा हिशोब त्यांनी केला, आणि त्यांच्या जागी कुणीही तोच केला असता. जो माणूस सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरतो, तो ही एक गोष्ट किती दिवस धरून ठेवणार?

मिस्त्री विसरले. बाजारातून घरी यायचा रस्ता विसरले. पिवळं दार बघूनही हे कुणाचं घर म्हणून विचारायला लागले. मुलगी फोनवर बाबा बाबा म्हणायची तेव्हा ते अदबीने म्हणायचे, आपण कोण बोलताय? शर्टाची बटणं, पाण्याचा नळ, बायकोचं नाव, सगळं एकेक करून हातातून निसटलं. फक्त ती काटपिन राहिली. रोज सकाळी डोळे उघडले की ते छताकडे बघत पडायचे आणि विचारायचे, "पिन मी घातली नाही का?"

बाईंनी नोकरी सोडली होती. त्या उशाशी बसून सांगायच्या की तुम्ही घातली होती, तुमचं काम बरोबर होतं, लांब्याने ते पुन्हा उघडलं आणि त्याच्याकडून राहिली. मिस्त्री लक्ष देऊन ऐकायचे. कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल व्हायच्या. हो का, म्हणायचे, मग बरं. उठून चहा घ्यायचे. आणि कप खाली ठेवेपर्यंत ते बरं वाटणं कुठेतरी सांडून जायचं. पुन्हा हात पालथे करून बघायचे, पुन्हा विचारायचे. कधी ड्रायव्हरचा पाय कसा आहे म्हणायचे. कधी नुसतंच रडायचे, आवाज न करता, आणि का रडतोय हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

संध्याकाळी खिडकीत बसवलं की आता ते आज काय काय झालं असं विचारत नसत. बाई आपणहून सांगायच्या. तुम्ही अंघोळ केलीत, औषध घेतलंत, मुलीचा फोन आला. मिस्त्री ऐकून घ्यायचे आणि संशयाने म्हणायचे, बघितलं कुणी? बाईंना हसू यायचं आणि लगेच जायचं.

एक गोष्ट मात्र बाई रोजच्या सांगण्यात सांगत नव्हत्या. पिवळा बिल्ला लावण्याआधी आपण खड्ड्यात उतरलो नव्हतो, ही. सुरुवातीला त्या स्वतःशी म्हणायच्या की त्यांच्या डोक्याला आणखी ताप नको. पुढे पुढे त्यांनी स्वतःशी काही म्हणायचंही सोडून दिलं. मिस्त्रींना आपण काहीतरी सांगितलेलं नाही, हे फक्त अंगात कणकण राहावी तसं राहिलं.

आपल्या तोंडून सांगून उपयोग होत नाही, करणाऱ्याच्या तोंडून ऐकलं तर कदाचित मनात बसेल, असं त्यांना वाटायला लागलं. त्या डेपोच्या फाटकावर गेल्या. आत जायची छाती झाली नाही. दारातला हिरवा फळा तिथूनही दिसत होता, आणि कुणीतरी स्वतःचाच बिल्ला उचलून तिसऱ्या भागात लावत होता. लांब्या बाहेर आला. चौकशीनंतर तो एकदाही घरी फिरकला नव्हता, आणि बाईंनी त्याला बोलावलंही नव्हतं. त्या म्हणाल्या, ये आणि त्यांना सांग. लांब्या नाही म्हणाला नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आला. दार वाजवायच्या आधी बराच वेळ बाहेर उभा होता हे बाईंना खिडकीतून दिसलं, पण त्यांनी त्याला उभं राहू दिलं. मिस्त्री खुर्चीत होते. लांब्याने वाकून नमस्कार केला तर त्यांनी नव्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि बसायला सांगितलं. तो खुर्चीवर न बसता त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. इतका उंच माणूस, तिथे बसून त्याचं डोकं मिस्त्रींच्या गुडघ्याला लागत होतं.

त्याने सगळं सांगितलं. नीट, क्रमाने, मिस्त्रींनी त्याला शिकवलं होतं तसं. ब्रेक तुम्ही चोख बसवला होता, मी तो उघडला, बसवताना काटपिन माझ्या खिशात राहिली. चूक माझी आहे, मिस्त्री, तुमची नाही.

मिस्त्री पुढे वाकून ऐकत होते. कामाचं बोलणं त्यांना अजून कळत होतं. डोळ्यांत जुनी धार आली होती. खूप दिवसांनी बाईंना आशा वाटली, आणि ती आशा त्यांना सोसवत नव्हती.

"तू बसवलंस," मिस्त्री म्हणाले. "मग तुझं काम बघितलं कुणी?"

लांब्याने बाईंकडे बघितलं.

"बिल्ला झालेल्या बाजूला होता ना? कुणी लावला?"

"वहिनींनी," लांब्या म्हणाला.

मिस्त्री मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पूर्वी संध्याकाळी यायचं तसलं. त्यांनी लांब्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग तुझी काही चूक नाही, पोरा. ती खड्ड्यात उतरून बघितल्याशिवाय लावत नाही. तिने लावला म्हणजे पिन होती." हसू हळूहळू मावळलं. हात पालथे झाले, उताणे झाले. "म्हणजे नंतर माझ्याच हातून काहीतरी झालं असणार."

लांब्याने मान खाली घातली. बाई उठल्या आणि खुर्चीसमोर येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मिस्त्रींचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातात घेतले. हे केव्हाच सांगायला हवं होतं, आणि आता सांगताना त्यांना वाटलं होतं तेवढी भीतीही वाटली नाही.

"अहो, ऐका माझं. तिने बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती खड्ड्यात उतरली नव्हती. न बघताच बिल्ला लावला तिने."

मिस्त्रींनी आपले हात सोडवून घेतले. समोरच्या बाईकडे त्यांनी रागाने बघितलं, पण आवाज चढवला नाही. परक्या बाईशी ते कधीच आवाज चढवून बोलत नसत.

"हे बघा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही," ते म्हणाले, "पण माझ्या बायकोबद्दल असं बोलायचं नाही."

बाई चुकलं म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.